झोपत नाही म्हणतात तो

देव झोपतो की नाही, यावरून जालन्यात आमच्या गल्लीत एकदा भांडण झालं होतं. आषाढी एकादशीचा दिवस. शेजारच्या घरून भगर आणि शेंगदाण्याची आमटी आमच्याकडे आली होती, आणि ती घेऊन आलेल्या मित्रानं त्याच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं, की आजपासून देव झोपला, आता कार्तिकीलाच उठायचा. मी नुकतंच चर्चच्या शब्बाथ शाळेत बायबलमधलं एकशे एकविसावं स्तोत्र तोंडपाठ म्हणून पेन्सिल मिळवलेली. छाती पुढं काढून म्हणालो, आमचा देव झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही. मित्र जरा विचारात पडला. मग म्हणाला, "मग त्याला सकाळी उठवायला कोण जातं?" कुणीच जात नाही म्हटल्यावर त्याला माझ्या देवाची चक्क कीव आली. त्याच्या घरची माणसं कार्तिकात पहाटे चारला काकड आरतीला जायची. थंडीत, अंघोळ करून, टाळ घेऊन. ज्याला उठवायला एवढी माणसं येतात तो देव मोठा, की ज्याला कुणाची गरजच नाही तो? आमच्या वयाला हा प्रश्न फार जड होता, म्हणून आम्ही आमटीकडे वळलो.

जालन्याचे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिशनचा दवाखाना आठवतो. आमची मुळं त्याच्याही मागची. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. त्या काळच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बहुतेक गावकुसाबाहेरचे. ज्यांच्या वाट्याला गावाची राखण आली पण गावात घर आलं नाही, असे. अशा माणसांनी 'परमेश्वर तुझी राखण करतो' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. रात्रभर जागून दुसऱ्याच्या मालाची राखण करणाऱ्याला कुणीतरी सांगत होतं की तुझ्यासाठीही कुणी जागं आहे.

स्तोत्र अगदी लहान, आठच वचनांचं. त्यात राखणीची गोष्ट सहा वेळा येते. एकशेवीस ते एकशेचौतीस अशी पंधरा स्तोत्रं यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानतात, त्यांतलं हे दुसरं. यात्रा खरोखरच चढणीची. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे अडीचशे मीटर खाली, यरुशलेम साडेसातशेच्या आसपास वर. पंचवीसएक किलोमीटरमध्ये हजार मीटरची चढण, उघडे डोंगर, खाली घळी आणि घळीत दबा धरून बसलेले चोर. येशूच्या दृष्टान्तातला तो माणूस लुटारूंच्या हाती सापडला तो याच वाटेवर. त्यामुळे 'मी डोंगरांकडे डोळे लावतो, मला मदत कुठून येईल?' हे पहिलं वचन भक्तीचं की भीतीचं, याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. डोंगरावर देवाचं नगर होतं, आणि डोंगरातच लुटारू होते.

आपल्याकडे तर डोंगर म्हटलं की देवच आठवतो. तुळजापूरची भवानी बालाघाटात, येरमाळ्याची येडाई डोंगरावर, माहूरची रेणुका डोंगरावर. शिवाय मराठवाड्याचं डोंगराशी आणखी एक वाकडं आहे. पश्चिमेला सह्याद्री उभा, तो पाऊस अडवतो आणि उरलासुरला आमच्याकडे पाठवतो. पर्जन्यछायेचा प्रदेश असं भूगोलाच्या पुस्तकात छान नाव दिलंय. छाया कसली, नुसतं ऊन! २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या आठवड्यात आमच्या मंडळीत हेच स्तोत्र वाचलं गेलं आणि 'मला मदत कुठून येईल?' म्हटल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "मिरजेहून" म्हणालं. पाळकसाहेबही हसले. देवानं मदत पाठवायला मिरज का निवडू नये, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

'परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला सावली आहे, दिवसा सूर्य तुला बाधणार नाही' या वचनाला मराठवाड्यात टीकाकाराची गरज नाही. मे महिन्यात परभणीच्या बसस्थानकावर दुपारी दोन वाजता उभं राहावं, अर्थ आपोआप कळतो.

अडतं ते झोपेच्या वचनापाशी. तुझा राखणारा झोपत नाही, हे म्हणणं त्या काळी साधं नव्हतं. आजूबाजूच्या लोकांचे देव झोपत. एलिया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर बआल या देवाच्या संदेष्ट्यांची थट्टा केली ती हीच: आणखी मोठ्यानं ओरडा, झोपला असेल तुमचा देव, उठवा त्याला. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची, गल्लीतल्या भांडणात माझी बाजू बळकट करणारी. पुढे बायबल नीट वाचायला लागलो आणि बाजू ढासळली. त्याच स्तोत्रसंहितेत चव्वेचाळिसावं स्तोत्र आहे, त्यात देवाचेच लोक ओरडतात: ऊठ, प्रभू, का झोपलास? आणि शुभवर्तमानात गालिलाच्या समुद्रावर वादळ सुटलंय, नावेत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला झोपलाय. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कानं तर उशीसुद्धा सांगितली आहे. शिष्य त्याला हलवून उठवतात, गुरुजी, आम्ही बुडतोय, याची तुम्हाला फिकीर नाही का?

म्हणजे काकड आरती आमच्याकडेही होती. फक्त ती पहाटे टाळ-मृदंगावर व्हायची नाही, बुडताना व्हायची. ज्यांनी ही सगळी लिखाणं एका जिल्दीत बांधली, त्यांनी 'तो झोपत नाही' आणि 'का झोपलास?' ही दोन्ही वाक्यं ठेवली. एक काढून टाकलं असतं तर पुस्तक जास्त सुसंगत झालं असतं. त्यांनी ते केलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; गणपती विसर्जन करून दमलेली गावं नुकती झोपलेली. मराठवाड्यात माझ्या वयाच्या कुणालाही ही वेळ पाठ आहे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची ५२ गावं जमीनदोस्त झाली, सुमारे १० हजार माणसं गेली. १९९२ मध्ये त्या भागाला हादरे बसलेले होते, पण दख्खनचं पठार म्हणजे अढळ, इथं काही होत नाही, असंच सगळे धरून चालले होते. 'तो तुझा पाय ढळू देणार नाही' असं स्तोत्र म्हणतं. तिथं पायाखालची जमीनच ढळली.

आणि माणसं मेली ती जमिनीनं नव्हे, घरांनी. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचं जाडजूड माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ज्याचं घर जुनं, खानदानी, चौसोपी, त्याच्या अंगावर माती जास्त. कुडाच्या झोपडीतले आणि अंगणात झोपलेले पुष्कळ जण वाचले. आयुष्यभर ज्या घराच्या आसऱ्याला राहिलो त्याच घरानं मारलं, हा तिथल्या माणसांच्या मनावर बसलेला ओरखडा मी पाहिला आहे. त्यानंतर कित्येक महिने लोक छताखाली झोपायला तयार नव्हते. पाऊस कोसळत होता तरी.

आमच्या मंडळीनं कपडे, धान्य, भांडी गोळा केली आणि एका ट्रकमधून आम्ही तरुण पोरं औसा तालुक्यात गेलो. सोबत पाळकसाहेब. वाटप झाल्यावर पत्र्याच्या एका शेडमध्ये काही लोक जमले होते. बहुतेक हिंदू, काही मुसलमान, ख्रिस्ती एखाददुसराच. साहेबांनी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का? लोक म्हणाले, करा की. साहेबांनी सवयीनं हेच स्तोत्र काढलं. पहिली दोन वचनं झाली. 'तुझा राखणारा झोपत नाही' हे वाक्य आलं आणि खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा, ज्याच्या घरात त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, अगदी सहज आवाजात म्हणाला,

"झोपत नाय ना? मंग बगत होता म्हना की."

रागानं नाही म्हणाला. हिशोब नीट लागावा म्हणून माणूस विचारतो ना, तसं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. वाटलं, आता काहीतरी उत्तर देतील. ते सेमिनरीत शिकलेले, उत्तरं त्यांच्याकडे खूप होती. ते म्हाताऱ्याच्या शेजारी खाली बसले आणि त्यांनी विचारलं, "बाबा, घरात कोण कोण होतं?" म्हाताऱ्यानं नावं सांगायला सुरुवात केली. थोरला, त्याची बायको, त्यांची लेकरं. मग गाय आणि दोन बैलांचीही नावं. मग शेडमधले बाकीचे आपापली नावं सांगू लागले. आमची प्रार्थना त्या दिवशी अशी झाली. स्तोत्राची उरलेली वचनं तिथं कुणी वाचली नाहीत.

परतताना ट्रकच्या केबिनमध्ये साहेब म्हणाले, राखणदार गारपीट थांबवू शकत नाही, पण ज्वारीच्या माळ्यावर रात्रभर बसलेला असतो. मला तो दृष्टान्त तेव्हाच पटला नाही. शेताच्या राखणदारानं गारा पाडलेल्या नसतात. स्तोत्रातल्या राखणदाराची ओळख तर दुसऱ्याच वचनात आकाश आणि पृथ्वी घडवणारा अशी करून दिलेली आहे. म्हाताऱ्याचा प्रश्न नेमका या दोन वचनांच्या मधोमध बसलेला आहे, आणि तिथून तो हलवायचा प्रयत्न करणाऱ्या कुठल्याही प्रवचनावर माझा विश्वास बसत नाही. ज्यांना लगेच 'देवाची योजना' दिसते अशी माणसं मला भेटतात. ती वाईट नसतात. पण मी त्यांच्यासोबत जास्त वेळ बसत नाही.

किल्लारीपासून फार दूर नाही ते तेर, गोरोबाकाकांचं. चिखल तुडवताना भजनात एवढे रंगले की पायाखाली स्वतःचं रांगतं बाळ आलं तरी कळलं नाही, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटी पांडुरंग बाळ परत देतो. आमच्याकडे दहाही लेकरं गमावलेल्या इयोबाच्या गोष्टीच्या शेवटीही त्याला पुन्हा दहा मुलं होतात. मला दोन्ही गोष्टींत शेवटापेक्षा मधला भाग खरा वाटतो: गोरोबांची बायको चिखलाकडे बघून फोडते तो टाहो, आणि राखेत बसलेल्या इयोबाशेजारी त्याचे मित्र सात दिवस काहीही न बोलता बसून राहतात तो. पुढे मित्र बोलायला लागले आणि सगळं बिघडलं.

मग हे स्तोत्र ठेवायचं कुठं? मी ते सोडलेलं नाही. ८ मे २०२०ला सोडावंसं वाटलं होतं. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर, टाळेबंदीत काम बंद, मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी जायला गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं पायी निघाले. बदनापूर ओलांडून करमाडच्या अलीकडे दमले आणि रुळांवरच झोपले. सगळं बंद आहे म्हटल्यावर रेल्वेही बंदच असणार. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांवर पोळ्या विखुरलेल्या होत्या, तो फोटो देशानं पाहिला. आमच्यासाठी तो रोजचा रूळ. त्या दिवसांत मोबाईलवर एक्याण्णवावं स्तोत्र फिरत होतं, महामारीपासून राखणारं म्हणून: तुझ्या बाजूला हजार पडतील, पण तुझ्याजवळ ती येणार नाही. दिवसातून चार जणांनी पाठवलं. मी ते कुणालाच पुढे पाठवलं नाही. बाजूला पडलेले हजार कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते वचन मोठ्यानं म्हणता येत नाही.

त्या एक्याण्णवाव्या स्तोत्राची एक गंमत आहे, आणि मला त्यातूनच थोडी वाट सापडली. येशू रानात उपास करतो तेव्हा सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी. लिहिलेलंच आहे ना, देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगडाची ठेचसुद्धा लागू देणार नाहीत. वचन शास्त्रातलंच, जवळजवळ शब्दाला शब्द. तेच वचन आई लेकराला म्हणते तेव्हा आशीर्वाद असतो आणि शिखरावर उभं राहून माणूस स्वतःबद्दल म्हणायला लागला की सैतानाचं होतं. येशू उत्तर देतो तेही शास्त्रातलंच, की परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस, आणि उडी मारत नाही.

आता पुन्हा एकशे एकविसावं बघा. पहिल्या दोन वचनांत बोलणारा 'मी' म्हणतो. तिसऱ्या वचनापासून शेवटपर्यंत सगळं 'तू' आणि 'तुझा'. कुणीतरी दुसरं बोलायला लागलेलं आहे. काहींच्या मते हा याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित असेल, निघालेल्या यात्रेकरूला वेशीपाशी निरोप देणारा. काही म्हणतात बरोबरचा वाटसरू. कोणी का असेना, 'मला काही होणार नाही' असं या स्तोत्रात कुणीही म्हणत नाही. म्हटलंय ते 'तुला काही होणार नाही'. डोंगराकडे बघून ज्याला धाप लागलीय, भीती वाटतेय, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्या धाप लागलेल्या माणसानं म्हटलेलं. मला ते भविष्य वाटत नाही. तसं वाटलं असतं तर किल्लारीच्या शेडमधल्या त्या बाबांनी ते कायमचं खोटं ठरवलं असतं. पण निघणाऱ्याला 'सुखरूप जा' म्हणणारा माणूस जसं खोटं बोलत नसतो, पुढच्या वळणावर अपघात झाला तरी, तसं ते खरं आहे. एवढ्यावर माझा विश्वास आहे. माझ्या आजोबांचा याहून जास्त होता. त्यांच्याशी मी वाद घालत नसे.

नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, बरीच वर्षं बीड जिल्ह्यात. तिथं दसरा झाला की ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली आणि घरात संपलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, ताडपत्री, कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, कोंबड्या, कडेवरचं लेकरू. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, पाचटात घोणस असते, पहाटे तीनला गाडी भरायला उठावं लागतं. शाळेचा पट अर्ध्यावर येतो. गावात राहिलेल्या आजी-आजोबांकडे मुलं ठेवता यावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहं असतात. त्यांच्या याद्या आम्हा मास्तरांकडे.

एका वर्षी यादीच्या कामानं संध्याकाळी एका वस्तीवर गेलो तर ट्रॉली निघायच्या बेतात होती. एक म्हातारी, लेक आणि सून वर चढून बसलेली, खाली उभी राहून सांगत होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"पाचाट पायानं उचकू नको, आधी काठीनं हानायचं. दुपारचं डोक्यावर फडकं असू दी. रातीचं एकलीनं बांधाला जायचं न्हाई. लेकराला कोपीत एकलं सोडायचं न्हाई. टायर बगितला का रं? नीट जावा, नीट या. येडाई हाय संगं."

मी तिथं यादी हातात धरून उभा होतो आणि मनातल्या मनात वचनं मोजत होतो. पाय, दिवसा सूर्य, रात्र, जीव, जाणं-येणं. क्रमसुद्धा जवळजवळ तोच. तिनं आयुष्यात ते स्तोत्र ऐकलेलं असायचं काही कारण नाही, आणि तिच्या येडाईला माझ्या स्तोत्रात बसवायची माझी हिंमतही नाही. ती देवाबद्दल काही सिद्ध करत नव्हती. स्वतः कितीतरी वर्षं फडावर काढलेली बाई. काय काय होतं ते तिला माझ्यापेक्षा, आणि बहुतेक त्या याजकापेक्षाही, चांगलं माहीत होतं. सगळं माहीत असून ती 'नीट या' म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिच्या दारावरून गेलो. विचारलं, झोप लागली का? म्हणाली, "कशाची झोप मास्तर, फोन यायचा व्हता." फोन सकाळी नऊला आला होता. पोचले. कोपी कॅनॉलच्या कडेला घातलीय, पाणी जवळ आहे पण साप फार, असं सून म्हणाली. एवढं सांगून म्हातारीनं मला दारातच थांबवलं आणि वसतिगृहाच्या यादीत नातीचं नाव घातलंय का ते कागद काढून दाखवायला लावलं. वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीवर बोट ठेवून दोनदा विचारलं, "हेच ना?"